सुरांकडून साक्ष मागू नये

पोलंडच्या संगीताचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी शोपँवर येऊन थांबते. फार तर पादेरेव्स्कीपर्यंत जाते, कारण पियानोवादक पंतप्रधान झाला ही गोष्ट लक्षात राहण्यासारखीच आहे. स्टेफान किशेलेव्स्की हे नाव मराठीत मी कुठे वाचलेलं नाही. खुद्द वॉर्सातही हे नाव घेतलं की लोक त्यांच्या वृत्तपत्री सदरांविषयी बोलू लागतात, १९६८ साली त्यांना झालेल्या मारहाणीविषयी बोलतात. त्यांच्या सिंफनीविषयी क्वचितच कोणी बोलतं.

पुण्यात पियानो शिकून मी वॉर्सात आले आणि इथेच स्थिरावले. पोलिश शिकवणाऱ्या बाईंनी वाचायला दिलेले पहिले सलग लेख किशेलेव्स्कींचे होते. सही असायची 'किशेल'. वाक्यं आखूड, सूर रोखठोक, आणि विषय कुठूनही सुरू होऊन कुठेही जाऊन भिडणारा. हा माणूस मुळात संगीतकार, हे कळल्यावर मी त्यांच्या स्वरलिपी मिळवल्या आणि तेव्हापासून त्यांचं संगीत नि लेखन शेजारी शेजारी ठेवून वाचते, वाजवते. त्या संगतीतून जे पदरात पडलं ते इथे मांडते आहे. आकडे केवळ सोयीसाठी घातले आहेत.

१. चरित्राआधी ठेका पकडावा

किशेलेव्स्कींचं संगीत नवअभिजात शैलीचं. या शैलीची ओळख व्याख्येतून होत नाही. ती बोटांतून आणि पायाच्या ठेक्यातून होते. किशेलेव्स्कींचं 'दान्स व्हीव' हे पियानोसाठी लिहिलेलं छोटं नृत्य वाजवायला घेतलं की पहिल्या पानावरच कळतं, इथे पेडलवर भिस्त ठेवून चालणार नाही. शोपँ वाजवताना पेडलमुळे सूर एकमेकांत मिसळतात आणि त्या धुक्यात वादकाचं बरंच काही झाकलं जातं. इथे प्रत्येक स्वर कोरडा, सुटा आणि वेळेवर पडायला हवा. डाव्या हाताचा ठेका डळमळला की सगळी इमारत खाली येते. भावना 'ओतायला' जागाच नसते. तरीही वाजवून झाल्यावर मन प्रसन्न होतं, अंगात तरतरी येते.

या शैलीची मुळं पहिल्या महायुद्धाच्या आसपासची. वाग्नरच्या पठडीतले अवाढव्य वाद्यवृंद आणि तासन्तास चालणारी भावनांची घुसळण यांना संगीतकारांची एक पिढी विटली होती. प्रोकोफिएव्हने १९१७ साली आपली 'अभिजात सिंफनी' पूर्ण केली, हायडनच्या मापाची, पण विसाव्या शतकाच्या खोड्या असलेली. स्ट्राविन्स्कीचा 'पुल्चिनेल्ला' हा बॅले १९२० साली पॅरिसमध्ये झाला. अठराव्या शतकातल्या, तेव्हा पेर्गोलेसीच्या समजल्या जाणाऱ्या चिजा त्याने घेतल्या, चाल नि खर्ज बराचसा तसाच ठेवला आणि मधल्या स्वरसंगतीत नि ठेक्यात हात घातला. त्यातलं ट्रॉम्बोन आणि डबल बास यांचं द्वंद्व मी विद्यार्थ्यांना नेहमी ऐकवते. दोन बोजड वाद्यं अंग झाडून धावायला लागतात, आणि नवअभिजात म्हणजे काय ते मुलांना आपसूक कळतं. जुना आराखडा, नवा खट्याळपणा, लहान वाद्यमेळ, स्पष्ट रेषा.

पोलंडमध्ये हे वारं पॅरिसहून आलं. संगीतकार शिमानोव्स्कीने तरुणांना बर्लिन-व्हिएन्नाऐवजी पॅरिसकडे वळवलं, १९२६ साली तिथे तरुण पोलिश संगीतकारांची संघटना उभी राहिली, आणि संगीतशिक्षिका नादिया बुलांझे यांच्या हाताखाली एक अख्खी पिढी घडली. ग्राझिना बात्सेविच त्यांतल्याच. किशेलेव्स्की वॉर्साच्या कॉन्झर्व्हेटरीत काझिमिएश शिकोर्स्की यांच्याकडे शिकले, पियानो येझी लेफेल्ड यांच्याकडे. शिवाय विद्यापीठात पोलिश साहित्य आणि तत्त्वज्ञान. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तेही पॅरिसला जाऊन आले.

२. ज्या वर्षी संगीत लिहिलं गेलं, त्या वर्षाचं रडं त्यात शोधू नये

हे मला सर्वांत उशिरा उमगलं आणि सर्वांत खोल रुतलं.

किशेलेव्स्कींचा चेंबर ऑर्केस्ट्रासाठीचा कॉन्चेर्तो १९४३ सालचा आहे. पुढे त्यांनी त्यावर पुन्हा हात फिरवला, पण रचना १९४३ची. वॉर्सात १९४३ साली काय चाललं होतं? नाझींचा अंमल होता. रस्त्यांवरून माणसं धरून नेली जात होती, एप्रिल-मेमध्ये ज्यूंच्या वस्तीतला उठाव चिरडून ती वस्ती बेचिराख करण्यात आली. पोलिश मंडळींच्या जाहीर मैफली जवळपास थांबल्या होत्या आणि संगीत कॅफेंच्या आसऱ्याला गेलं होतं. लुतोस्लाव्स्की आणि पानुफनिक हे संगीतकार दोन पियानोंवर कॅफेत वाजवून पोट भरत होते. किशेलेव्स्कींची आई जन्माने ज्यू होती. अशा शहरात बसून या माणसाने लिहिलं काय, तर बारोक घाटाचं, धावतं, हसतं, नीटनेटकं संगीत.

पहिल्यांदा हा कॉन्चेर्तो ऐकणाऱ्याला वर्ष सांगितलं की तो हमखास अस्वस्थ होतो. 'त्या काळाचं काहीच कसं नाही यात?' असं विचारतो. शेजारी पानुफनिकचं 'ट्रॅजिक ओव्हर्चर' ठेवलं तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. ते १९४२ सालचं, आणि त्यात विमानाची घरघर, पडता बॉम्ब, गोळ्यांचा वर्षाव असं सगळं ऐकू येतं. असं काही आपण योजून केलं नव्हतं, हे पानुफनिकने स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. दोन्ही रचना खऱ्या. दोन्ही संगीतकार त्याच शहरात, त्याच धोक्यात.

किशेलेव्स्कींचं म्हणणं मला हळूहळू पटत गेलं. शत्रूने सगळं आयुष्य व्यापलं असताना एखादा कोपरा असा ठेवायचा की तिथे तो शिरूच शकणार नाही. त्याच्याविषयी दुःखाचा सूर लावला, तरी तो तिथे शिरलाच. स्वरांचा हिशोब स्वरांशी जुळवत बसलेला माणूस त्या दोन-तीन तासांत कोणाच्याही ताब्यात नसतो. वर्षभरातच, नाझींविरुद्धच्या १९४४च्या वॉर्सा उठावात, त्यांच्या तोवरच्या बहुतेक रचना जळून गेल्या. ते स्वतः उठावात होते, जखमी झाले. एवढं होऊनही त्यांनी पुढे आपल्या संगीतातून त्या आगीचं वर्णन केलं नाही. ते शब्दांत केलं.

३. 'यातून काय सांगायचंय?' हा प्रश्न कोण विचारतंय ते पाहावं

हा प्रश्न लहान मुलाने विचारला तर बसून उत्तर द्यावं. सरकारी अधिकाऱ्याने विचारला तर सावध व्हावं.

१९४८च्या फेब्रुवारीत मॉस्कोत कम्युनिस्ट पक्षाने संगीतातल्या 'फॉर्मॅलिझम'विरुद्ध ठराव केला. शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह त्याच्या तडाख्यात सापडले. पक्षाचं म्हणणं साधं होतं: संगीताला आशय हवा, तो प्रगतिशील हवा आणि कामगाराला गुणगुणता यायला हवा. ते लोण पोलंडमध्ये यायला वेळ लागला नाही. ऑगस्ट १९४९मध्ये वागुव या गावी संगीतकारांची आणि समीक्षकांची परिषद भरली. सांस्कृतिक खात्याचे व्लोजिमिएश सोकोर्स्की तिथे नव्या धोरणाचे प्रवक्ते होते. झ्बिग्नेव तुर्स्कीच्या ज्या 'ऑलिंपिक' सिंफनीला वर्षभरापूर्वीच लंडन ऑलिंपिकच्या कलास्पर्धेत सुवर्णपदक मिळालं होतं, तिच्यावर तिथे फॉर्मॅलिझमचा ठपका बसला. ज्याचा शब्दार्थ सांगता येत नाही त्यावर वैचारिक आरोपपत्र दाखल करता येतं, हे त्या परिषदेने दाखवून दिलं.

किशेलेव्स्की या वादात आधीच उतरले होते. 'संगीत अमानवी आहे का?' अशा मथळ्याचा त्यांचा निबंध १९४८ साली 'झ्नाक' मासिकात आला. त्यांची भूमिका अशी की संगीत स्वतःबाहेरच्या कशाचाही निर्देश करत नाही. आशय म्हणून आपण जे सांगतो ते आपण बाहेरून आणून त्यावर ठेवलेलं असतं. म्हणजे प्रगतिशील सी मेजर आणि प्रतिगामी सी मेजर असं काही नसतंच.

मराठी कानाला हे परकं वाटायचं कारण नाही. तराणा रंगात आला की 'दिर दिर तोम्'चा अर्थ काय, असं मैफलीत कोणी उठून विचारत नाही. लय आणि स्वरांची गुंफण हाच तिथे मुद्दा असतो, आणि त्यात डोळे पाणावण्याइतकी ताकद असते.

या भूमिकेचा एक भक्कम दाखला पोलिश संगीतातच पुढे मिळाला. क्षिश्तोफ पेंडेरेत्स्कीने बावन्न तंतुवाद्यांसाठी एक रचना केली. नाव होतं ८ मिनिटं ३७ सेकंद, म्हणजे निव्वळ तिची लांबी. पुढे तिला हिरोशिमाच्या बळींसाठी शोकगीत असं नाव मिळालं आणि त्या नावानेच ती जगभर गेली. आज ती ऐकताना अणुबॉम्ब दिसला नाही असा श्रोता विरळा. पानावरचा एकही स्वर त्यासाठी बदलावा लागला नव्हता.

मी स्वतः किशेलेव्स्कींइतकी टोकाला जात नाही. शब्द, विधी, आठवणी यांच्या संगतीत सुरांना अर्थ चिकटतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. भैरवी लागली की मैफल संपत आल्याची हुरहुर लागते, ती खोटी कशी म्हणू? पण वागुवच्या दिवाणखान्यात हा बारकावा चर्चेला नव्हता. तिथे प्रश्न एवढाच होता की काय लिहायचं हे कोण ठरवणार. अशा वेळी 'संगीताला आशय नसतो' हे टोकाचं विधान म्हणजे दाराला लावलेला अडसर होता, आणि तो लावणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली. १९४९ सालीच क्राकूवच्या संगीत महाविद्यालयातली किशेलेव्स्कींची अध्यापकाची नोकरी गेली.

४. वही वेगळी ठेवावी

राजकारणाबद्दल बोलायचं नाही, असा याचा अर्थ त्यांनी कधीच लावला नाही. उलट ज्याला सुरांवर राजकारण लादायचं नाही, त्याला ते दुसरीकडे कुठेतरी करावंच लागतं, असं त्यांचं आयुष्य पाहून वाटतं.

त्यांची ती दुसरी वही म्हणजे क्राकूवचं 'तिगोदनिक पोव्शेख्नी' हे कॅथलिक साप्ताहिक. १९४५ साली सुरू झालेलं, येझी तुरोविच संपादक. पुढे पोप झालेले कारोल वोइतिवा तरुणपणी टोपणनावाने त्यात कविता छापायचे. किशेलेव्स्की १९४५ पासून १९८९ पर्यंत, बंदीचे काळ सोडले तर, तिथे लिहीत राहिले. त्याच १९४५ साली त्यांनी 'रुख मुझिच्नी' हे संगीतविषयक नियतकालिकही उभं केलं. म्हणजे एका हाताने संगीताचं, एका हाताने जगाचं.

१९५३ साली स्टालिन वारला तेव्हा साप्ताहिकाने त्याच्यावर मृत्युलेख छापायला नकार दिला. परिणामी ते मूळ मंडळींच्या हातून काढून सरकारच्या मर्जीतल्या गटाला दिलं गेलं. १९५६च्या राजकीय बदलानंतर ते परत मिळालं.

त्यांच्या सदराची रीत अभ्यासण्यासारखी आहे. सुरुवात फुटकळ वाटणाऱ्या गोष्टीने होते. दुकानात एखादी वस्तू मिळत नाही, ट्राम वेळेवर येत नाही, रस्ता खणून ठेवलाय. पुढे मधेच संगीत, मधेच अर्थशास्त्र. शेवटाकडे येईतो वाचकाच्या लक्षात येतं की ट्राम न येण्याचं कारण मंत्रालयात बसलेलं आहे. आणि हे सगळं सेन्सॉरच्या टेबलावरून पार होईल अशा बेताने. सदरलेखन करणाऱ्या प्रत्येकाने या लेखांची बांधणी पाहावी. त्यांच्या संगीतासारखीच ती आहे: छोटे तुकडे, स्पष्ट ठेका, अनावश्यक कढ नाही.

क्राकूवच्या ग्रंथालयात मी त्या साप्ताहिकाचे बांधीव खंड पाहिले. ऐंशीच्या दशकातले अंक उघडले की कागद पिवळा, अक्षर बारीक, स्तंभ खच्चून भरलेले. आणि मजकुराच्या मध्येच चौकटी कंस येतो. कंसात नुसत्या आडव्या रेघा. पुढच्या कंसात कायद्याचा हवाला: ३१ जुलै १९८१चा, प्रकाशनं आणि प्रयोग यांच्या नियंत्रणाचा कायदा, कलम दोन, अमुक उपकलम. सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेच्या काळात मिळालेली ही सवलत होती. सेन्सॉरने कापलेली जागा कापली म्हणून दाखवायची मुभा वृत्तपत्रांना मिळाली होती. त्याआधी कापलेलं ओळींत बेमालूम मिटून जायचं आणि वाचकाला पत्ता लागायचा नाही.

काही वेळा कंस वाक्याच्या मधोमध पडलेला. कर्ता आहे, क्रियापद गेलं. काही वेळा परिच्छेदच्या परिच्छेद गायब आणि त्याखाली लेख पुन्हा शांतपणे सुरू. मी उपकलमांचे आकडे उतरवून घेत होते. आजूबाजूला शोधनिबंध लिहिणारी मुलं बसलेली. या रेघा पाहिल्यावर मला त्यांचं संगीताविषयीचं म्हणणं नव्याने कळलं. शब्द कापता येतो, कारण त्याला अर्थ असतो आणि तो अधिकाऱ्यालाही कळतो. त्यांच्या कॉन्चेर्तोतला कोणता स्वर, कोणत्या कलमाखाली कापणार होते?

५. सत्तेच्या सभागृहात बसायची वेळ आली तर बसून पाहावं

१९५७ ते १९६५ किशेलेव्स्की पोलंडच्या संसदेत, सेय्ममध्ये खासदार होते, 'झ्नाक' या कॅथलिक गटातर्फे. गट मूठभर माणसांचा, बहुमत ठरलेलं. पादेरेव्स्कीने १९१९ साली पंतप्रधान म्हणून व्हर्सायच्या तहावर सही केली, तेव्हा त्याच्यामागे जगभरची कीर्ती आणि नवा देश उभा होता. किशेलेव्स्कींच्या मागे काहीच नव्हतं. तरी ते गेले, बसले, आतून पाहून आले. त्या काळातच, १९६१ साली, त्यांनी पंधरा वादकांसाठीची सिंफनी लिहिली. खासदार असताना १९६४च्या मार्चमध्ये त्यांनी सांस्कृतिक धोरण आणि सेन्सॉरशिपविरुद्धच्या ३४ लेखक-विचारवंतांच्या पत्रावर सहीही केली.

त्यांच्या संसदेतल्या वर्षांबद्दल मला यापलीकडे फारसं कौतुक नाही. काही बदललं नाही, हे त्यांनाही दिसलं.

६. जिथे बोलायला हवं तिथे एकच वाक्य पुरतं

१९६७च्या नोव्हेंबरात वॉर्साच्या राष्ट्रीय रंगमंदिरात काझिमिएश देयमेकने कवी मित्स्क्येविचचं 'ज्यादी' हे नाटक बसवलं. पोलिश स्वच्छंदवादाचा हा मुकुटमणी. त्यातल्या झारशाहीविरुद्धच्या संवादांना प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले, आणि त्या टाळ्यांचा रोख मॉस्कोकडे आहे असं सरकारने मानलं. जानेवारी १९६८च्या अखेरीस प्रयोग बंद पाडण्यात आले. विद्यार्थी रस्त्यावर आले. २९ फेब्रुवारीला वॉर्साच्या लेखक संघाने तातडीची सभा बोलावली.

त्या सभेत किशेलेव्स्की उठून बोलले आणि सांस्कृतिक क्षेत्रातल्या कारभाराला त्यांनी अडाण्यांची हुकूमशाही म्हटलं. पोलिशमधले दोनच शब्द. आजही पोलंडमध्ये ते आठवले जातात.

११ मार्चला जुन्या शहरात 'अज्ञात इसमांनी' त्यांना गाठून बेदम मारलं. वय ५७. १९ मार्चला पक्षप्रमुख गोमुल्काने जाहीर भाषणात त्यांचं नाव घेऊन टीका केली. पाठोपाठ तीन वर्षांची लेखनबंदी आली.

वॉर्साच्या जुन्या शहरातून मी अनेकदा जाते. महायुद्धात जमीनदोस्त झालेला हा भाग वीट न् वीट लावून पुन्हा उभा केलेला, पर्यटकांनी गजबजलेला. इथे एका संगीतकाराला दोन शब्दांसाठी मार खावा लागला, हे जाता-येता मनात येतंच. त्यांनी ते दोन शब्द एखाद्या सिंफनीच्या शीर्षकात घातले असते, सुरांतून 'सुचवले' असते, तर टाळ्या मिळाल्या असत्या आणि वेळ निभावली असती. त्यांनी ते सभेत, नाव-गावासह, तोंडाने उच्चारले. सूचकतेच्या आडून निषेध करण्याची आपल्या कलाक्षेत्रातली सवय पाहिली की मला हा माणूस आठवतो. जे स्पष्ट सांगायचं ते स्पष्ट सांगावं, आणि गाणं गाण्यासाठी मोकळं ठेवावं.

७. छापणं बंद झालं तरी लिहिणं बंद करू नये

लेखनबंदीत त्यांनी रोजनिशी सुरू केली. १९६८ पासून १९८० पर्यंत ती चालली आणि ते गेल्यावर १९९६ साली छापून आली. ठोकळ्याएवढं पुस्तक आहे. त्यात वस्तूंच्या भावांची चर्चा आहे, मित्रांची उणीदुणी आहेत, परदेशी रेडिओवर ऐकलेल्या बातम्या आहेत, हवामान आहे. समकालीनांवरचे शेरे कधी कधी अन्यायकारक वाटावेत इतके कडक, त्यामुळे एकट्या या पुस्तकावरून कोणाबद्दल मत बनवू नये असं मी सांगेन. पण एक खंत पानोपानी डोकावते: सदरलेखक म्हणून आपल्याला सगळे ओळखतात, आपलं संगीत मात्र वाजवलं जात नाही.

याच काळात पॅरिसजवळच्या पोलिश निर्वासितांच्या प्रकाशनसंस्थेतून त्यांच्या राजकीय कादंबऱ्या 'तोमाश स्तालिंस्की' या टोपणनावाने येत होत्या. टोपणनावातला स्टालिन हेरायला वाचकाला वेळ लागत नसे. कादंबरी त्यांना नवी नव्हती. युद्धानंतरच्या 'स्प्शिसिएंझेनिए' या पहिल्या कादंबरीने १९४७ साली कॅथलिक वर्तुळातच एवढा गदारोळ उडवला की ज्यांच्या साप्ताहिकात ते लिहीत होते तीच मंडळी नाराज झाली. एकाच वेळी सरकारला आणि आपल्या गोटाला नको असणं त्यांना जमून गेलं होतं.

माझ्या परीने मी एवढं उचललं: मागणी असो वा नसो, रोज अर्धं पान. छापण्यासाठी लिहिलं की हात नकळत वाचकाच्या मर्जीकडे वळतो. या अर्ध्या पानामुळे तो सरळ राहतो.

८. आवडत्या माणसाशी भांडण चालू ठेवावं

अर्थकारणात ते कट्टर खुल्या बाजाराचे. त्यांच्या नावाने १९९० साली सुरू झालेला पुरस्कार राजकारणी आणि पत्रकार यांच्या बरोबरीने उद्योजकालाही देतात. त्यांच्या बाजारनिष्ठेचा मला कंटाळा येतो. सगळे प्रश्न किमतींनी सुटतील हा विश्वास मला कधी वाटला नाही. रिकाम्या दुकानांच्या देशात पंचेचाळीस वर्षं काढलेल्या माणसाला तो का वाटला, हे मात्र कळतं.

संगीतातही त्यांच्याशी माझं पूर्ण जुळत नाही. १९५६ साली 'वॉर्सा शरद' महोत्सव सुरू झाला आणि पोलंडमध्ये नव्या प्रयोगांचा पूर आला. समीक्षक म्हणून त्यांनी त्याकडे कुतूहलाने पाहिलं, भरपूर लिहिलं. स्वतः मात्र बहुतेक वेळ आपल्या जुन्या, ठेक्याच्या वाटेने चालत राहिले. त्या वाटेवरच्या त्यांच्या सगळ्या रचना सारख्या तोलाच्या नाहीत. काहींत चाक फिरतं पण गाडी कुठे जात नाही. बात्सेविचच्या संगीतात जी आतली ऊब आहे ती त्यांच्यात क्वचित सापडते, आणि हे त्यांनाही ठाऊक असावं, कारण तिच्यावर १९६४ साली त्यांनीच आपुलकीने पुस्तक लिहिलं.

९. ऐकायचं कसं

आधी बात्सेविचचा तंतुवाद्यवृंदासाठीचा कॉन्चेर्तो ऐका, १९४८चा. पहिल्याच मापात सगळी तंतुवाद्यं जोरकस झेप घेतात; मधला भाग दबक्या, हळव्या आवाजात आहे; शेवट पुन्हा धावता. शैलीची सगळी गंमत तिथे कळते. मग किशेलेव्स्कींचा चेंबर ऑर्केस्ट्राचा कॉन्चेर्तो, मग 'पेर्पेतुउम मोबिले'. ऐकताना माहितीपत्रक बाजूला ठेवा. फुंकवाद्यं एकमेकांच्या हातून धागा कसा घेतात तेवढंच पाहा.

किशेलेव्स्की २७ सप्टेंबर १९९१ला वॉर्सात गेले. तोवर सेन्सॉरशिप कायद्याने रद्द झाली होती. पियानो कॉन्चेर्तो त्यांनी अखेरच्या वर्षांत पुरा केला. पोवोंझ्कीच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

मुंबई-पुण्यात पाश्चात्त्य संगीत वाजवणाऱ्या मंडळींना एक विनंती. मोठा वाद्यवृंद उभा करणं आपल्याकडे खर्चाचं आणि कष्टाचं काम असतं. तेवढी जुळवाजुळव न करताही वाजवता येईल अशी या संगीतकाराची १९६१ची सिंफनी आहे. ती एकदा कार्यक्रमात घ्या. तिला पंधराच वादक लागतात.